टू-इन-वन लॅपटॉप आणि विद्यापीठीय शिक्षण : पारख कशी करावी?



अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे हे गाव मराठी भाषेच्या इतिहासात चिरस्मरणीय झाले आहे. शके 1212 मध्ये, म्हणजेच इ. स. 1290 मध्ये, ज्ञानेश्वरांनी येथे गीतेचे निरूपण केले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले. एकाने सांगावे, दुसऱ्याने लक्षपूर्वक ऐकावे आणि लिहून ठेवावे, ही विद्याग्रहणाची रीत त्यापूर्वीही होती आणि आजही आहे. महाविद्यालयाच्या वर्गात प्राध्यापक बोलत असतात आणि विद्यार्थी टिपणे काढीत असतात, तेव्हा तीच रीत चालू असते. बदलली आहेत ती साधने. बोरूच्या जागी टाक आला, टाकाच्या जागी बॉलपेन आले आणि आता काचेवर लिहिणारी इलेक्ट्रॉनिक लेखणी आली आहे.

या नव्या लेखणीसह बाजारात आलेले एक साधन आजच्या विवेचनाचा विषय आहे. त्याला टू-इन-वन लॅपटॉप असे म्हणतात. एरवी तो साधा लॅपटॉप असतो. परंतु त्याची स्क्रीन बिजागरीवर पूर्ण मागे फिरवली की तो पाटीसारखा हाती धरता येतो आणि त्यावर लेखणीने लिहिता येते. काही प्रकारांत कीबोर्ड सुटा करून बाजूला ठेवता येतो. बारावीचा निकाल लागला की जिल्ह्यातील हजारो घरांत लॅपटॉपच्या खरेदीचा विचार सुरू होतो आणि दुकानात गेल्यावर हा नवा प्रकार आग्रहाने दाखविला जातो. त्याची किंमत साध्या लॅपटॉपच्या दीडपट, क्वचित दुप्पटही असते. ज्या घरात ही रक्कम उसाच्या बिलातून, कांद्याच्या पट्टीतून किंवा दुधाच्या पगारातून उभी राहते, त्या घराला चुकीची खरेदी परवडत नाही. एकदा घेतलेले यंत्र पदवी पूर्ण होईपर्यंत वापरावे लागते. म्हणूनच त्याची पारख कोणत्या कसोट्यांवर करावी, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

कल्पना जुनी, साधन नवे

वहीच्या आकाराचा, विद्यार्थ्याने सोबत बाळगावा असा संगणक ही कल्पना अमेरिकन संगणकतज्ज्ञ ॲलन के यांनी 1972 मध्ये मांडली. त्यांनी तिला डायनाबुक असे नाव दिले होते. त्या काळी असा संगणक तयार करणे शक्य नव्हते. 2002 मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या पुढाकाराने लेखणीने चालणारे टॅब्लेट पीसी बाजारात आले; परंतु ती यंत्रे जड आणि महाग असल्याने ती सर्वसामान्य विद्यार्थ्यापर्यंत पोहोचली नाहीत. 2012 पासून पूर्ण मागे वळणाऱ्या बिजागरीचे लॅपटॉप मोठ्या प्रमाणावर विक्रीस आले आणि त्यानंतर हा प्रकार रुळला.

भारताचा या क्षेत्रातील अनुभवही बोधप्रद आहे. 5 ऑक्टोबर 2011 रोजी विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ हा अल्प किमतीचा टॅब्लेट सादर करण्यात आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीची स्क्रीन सात इंचाची आणि दाबाने चालणारी होती, प्रोसेसर 366 मेगाहर्ट्झचा आणि रॅम 256 मेगाबाइट होती. वापरातून उणिवा ध्यानात आल्या आणि नोव्हेंबर 2012 मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत बोटाच्या हलक्या स्पर्शाने चालणारी स्क्रीन, 1 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि 512 मेगाबाइट रॅम देण्यात आली. मुंबईच्या आयआयटीने त्या टॅब्लेटचा उपयोग अध्यापकांच्या प्रशिक्षणासाठीही केला. या उपक्रमातून एक गोष्ट स्पष्ट झाली. किंमत हा पारखण्याचा एक निकष आहे, एकमेव निकष नव्हे. यंत्राचा कस लागतो तो प्रत्यक्ष वर्गात आणि प्रत्यक्ष विद्यार्थ्याच्या हातात.

आधी ताळेबंद, मग खरेदी

पारख कशी करावी याचा धडा जिल्ह्याबाहेर जाऊन शोधण्याची गरज नाही. नगर तालुक्यातील हिवरे बाजार या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. किती पाऊस पडला, जमिनीत किती पाणी मुरले, विहिरींत किती आहे, माणसांना व जनावरांना किती लागेल, हे आधी मोजले जाते आणि मग रब्बीला कोणते पीक घ्यावे याचा निर्णय होतो. पीक आधी ठरवून पाणी नंतर शोधण्याची पद्धत त्या गावाने मोडून काढली.

लॅपटॉपच्या खरेदीलाही हाच क्रम लागू आहे. यंत्राची वैशिष्ट्ये पाहण्यापूर्वी विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासाचा ताळेबंद मांडावा. आठवड्यातून किती तास व्याख्याने ऐकून टिपणे काढावी लागतात? वाचन किती आणि तेही छापील पुस्तकांचे की संगणकावरील? टंकलेखन, हिशेब आणि प्रकल्प-अहवाल यांना किती वेळ जातो? प्रयोगशाळेत किंवा शिवारात उभ्याने नोंदी किती कराव्या लागतात? एका आठवड्याच्या अशा नोंदी साध्या वहीत केल्या, तरी पुष्कळसा उलगडा होतो.

विद्याशाखेनुसार हा ताळेबंद बदलतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेबाचे तक्ते भरावयाचे असतात. त्याला लेखणीपेक्षा अंकांच्या स्वतंत्र कळा असलेला चांगला कीबोर्ड अधिक उपयोगी पडतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला रेखांकनाची जड सॉफ्टवेअर चालवावी लागतात. त्यासाठी लागणारी स्वतंत्र ग्राफिक्स क्षमता हलक्या टू-इन-वनमध्ये बहुधा नसते. गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र यांचे विद्यार्थी मात्र समीकरणे आणि रेणूंच्या आकृत्या यांच्याशी सतत झुंजत असतात. कीबोर्डावर एक समीकरण जुळवण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात लेखणीने पाच लिहून होतात. वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय शाखांतील आकृत्यांचेही तसेच आहे. या विद्यार्थ्यांच्या बाबतीत लेखणीला खरे काम आहे.

लेखणी आणि मराठी

मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न वेगळाच आहे. बाजारातील बहुतेक लॅपटॉपच्या कळांवर फक्त रोमन अक्षरे असतात. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन शिकणे कठीण नाही. डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी तिची शास्त्रशुद्ध मांडणी आहे आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याने शिकून घ्यावी हे उत्तम. परंतु ज्याने ती शिकलेली नाही, त्याला वर्गात मराठीतून टिपणे काढावयाची झाल्यास लेखणी हाच जवळचा मार्ग उरतो.

हाताने लिहिण्याचा आणखी एक लाभ सांगितला जातो. 2014 मध्ये प्रिन्स्टन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांतील दोन संशोधकांनी असे दाखविले, की लॅपटॉपवर टंकलेखन करणारे विद्यार्थी व्याख्यान जसेच्या तसे उतरवून घेतात. हाताने लिहिणारे मात्र ते आपल्या शब्दांत संक्षिप्त करतात आणि संकल्पनेवरील प्रश्नांची उत्तरे अधिक चांगली देतात. 2019 आणि 2021 मध्ये अन्य संशोधकांनी तसेच प्रयोग पुन्हा केले, तेव्हा हा लाभ तितका ठळक दिसला नाही. तात्पर्य, लेखणी हाती आली म्हणजे आकलन आपोआप वाढत नाही. ऐकलेले समजून घेऊन थोडक्यात लिहिण्याची सवय महत्त्वाची आहे. आणि ती सवय चाळीस रुपयांच्या वहीतही लागू शकते. शिवाय विद्यापीठाच्या लेखी परीक्षेत कागदावरच उत्तरे लिहावयाची असतात, हेही विसरता कामा नये.

लेखणीची परीक्षा दुकानातच घ्यावी. तिच्यात दोन प्रकार असतात. रबरी टोकाची साधी लेखणी बोटासारखीच काम करते. तिने बारीक अक्षर येत नाही. दुसरी सक्रिय लेखणी स्क्रीनशी विद्युत-संकेतांनी जोडलेली असते. तिचा दाब ओळखला जातो आणि लिहिताना तळहात काचेवर टेकला तरी रेघोट्या उमटत नाहीत. विद्यापीठीय कामासाठी ही दुसरीच हवी. ती यंत्रासोबत मिळते की वेगळी विकत घ्यावी लागते, हे आधी विचारावे. त्यानंतर पट्टीच्या कडेने एक तिरपी रेघ अगदी सावकाश ओढून पाहावी. ती नागमोडी उमटली तर लेखणी कच्ची समजावी. मग नेहमीच्या वेगाने मराठीत अर्धे पान लिहावे. शिरोरेषा सरळ येते काय, ‘ज्ञ’, ‘क्ष’, ‘द्ध’ ही अक्षरे लहान आकारातही वाचता येतात काय, शाई लेखणीच्या मागे रेंगाळते काय, हे या अर्ध्या पानात कळून येते.

वर्गात, एस.टी.त आणि शिवारात

राहुरी येथे 1968 मध्ये स्थापन झालेले आणि आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखले जाणारे कृषी विद्यापीठ हे जिल्ह्याचे भूषण आहे. कृषी पदवीचे विद्यार्थी अखेरच्या वर्षी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून खेड्यांत जातात, शेतकऱ्यांच्या बांधावर उभे राहून मातीची, पिकाची, कीड-रोगांची माहिती टिपतात. उभ्याने लिहिता येईल अशी पाटी त्यांना उपयोगी पडेल, असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि, शिवार म्हणजे वर्ग नव्हे.

पहिला प्रश्न वजनाचा. चौदा इंची टू-इन-वन साधारण दीड किलोचा असतो. पिशवीतून नेण्यास तो जड नाही. पण एका हातावर धरून दुसऱ्या हाताने लिहू लागले, की दहा मिनिटांत मनगट भरून येते. साधा दहा-अकरा इंची टॅब्लेट अर्धा किलोच्या आसपास असतो. सुट्या कीबोर्डचा प्रकार हातात हलका पडतो, परंतु एस.टी.च्या बाकावर मांडी घालून टंकलेखन करावयाचे झाल्यास तो नीट उभा राहत नाही.

दुसरा प्रश्न उजेडाचा. स्पर्शाने चालणाऱ्या स्क्रीनची काच चकाकते. स्क्रीनचा उजेड ‘निट’ या मापाने सांगितला जातो. खोलीत 250 ते 300 निट पुरतात. भर दुपारी बांधावर 400 निटदेखील अपुरे पडतात. तिसरा प्रश्न उष्म्याचा. अनेक उत्पादक आपली यंत्रे 35 अंश सेल्सिअस तापमानापर्यंत वापरावीत असे माहितीपत्रकात नमूद करतात. जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. पंखा असलेल्या यंत्रात काळ्या मातीची धूळ ओढली जाते, आणि घामेजलेल्या बोटांचा स्पर्श स्क्रीन नीट ओळखत नाही. म्हणूनच शिवारातील नोंदी वहीत आणि मोबाइलच्या छायाचित्रांत घ्याव्यात आणि त्यांची मांडणी, विश्लेषण व अहवाल सावलीत बसून लॅपटॉपवर करावेत, ही विभागणी व्यवहाराला धरून आहे. कृषी विद्यापीठाने सिंचनाच्या नियोजनासाठी विकसित केलेले ‘फुले इरिगेशन शेड्यूलर’ हे साधनही मोबाइलवर चालते, हे या दृष्टीने लक्षात घेण्यासारखे आहे.

वाचनासाठी स्क्रीनच्या आकाराकडे पाहावे. छापील ए-फोर पान 29.7 सेंटिमीटर उंच आणि 21 सेंटिमीटर रुंद असते. चौदा इंची स्क्रीन 16:9 प्रमाणाची असेल आणि ती उभी धरली, तर तिची रुंदी 17.4 सेंटिमीटर भरते आणि पानातील अक्षर बरेच लहान होते. 16:10 प्रमाणात ही रुंदी 18.8 सेंटिमीटर होते आणि 3:2 प्रमाणातील स्क्रीन पानाच्या अधिक जवळ जाते. भारत सरकारच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेतून 2025 पासून शासकीय उच्च शिक्षण संस्थांना हजारो संशोधन-नियतकालिके उपलब्ध झाली आहेत. ही नियतकालिके वाचून त्यांच्या समासात टिपणे करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला उभ्या पानाची सोय मोलाची वाटेल.

वीज, दुरुस्ती आणि आयुष्य

बॅटरीचा हिशेब सोपा आहे. तिची क्षमता वॅट-तासांत लिहिलेली असते. पन्नास वॅट-तासांची बॅटरी आणि सरासरी सात वॅटचा वापर धरल्यास सुमारे सात तास काम चालते. व्हिडिओ पाहत राहिल्यास किंवा स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवल्यास वापर वाढतो आणि तास घटतात. गावात वीज अनियमित असेल, तर टाइप-सी पद्धतीने चार्ज होणारे यंत्र घ्यावे, कारण त्याचा चार्जर कोठेही मिळू शकतो.

रॅमच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. अनेक टू-इन-वन यंत्रांत ती मदरबोर्डवरच डाकलेली असते आणि पुढे वाढविता येत नाही. आठ गिगाबाइट ही आजची किमान गरज आहे; चार वर्षांचा विचार केल्यास सोळा गिगाबाइट श्रेयस्कर. विंडोज 10 या प्रणालीला मिळणारा नियमित सुरक्षा-आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आहे. जुने यंत्र स्वस्तात मिळत असेल, तर ते विंडोज 11 वर चालते काय, याची आधी खात्री करावी. प्रोसेसर नव्या एआरएम पद्धतीचा असल्यास विभागात शिकविली जाणारी सॉफ्टवेअर त्यावर चालतात काय, हे आपल्या प्राध्यापकांना विचारूनच पुढे जावे.

दुरुस्ती हा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत खर्चिक भाग होय. साध्या लॅपटॉपची स्क्रीन स्वतंत्रपणे बदलता येते. टू-इन-वनमध्ये काच, स्पर्शपटल आणि स्क्रीन बहुधा एकत्र चिकटविलेली असतात. एक तडा गेला की सर्वच बदलावे लागते. वारंवार फिरणारी बिजागरीही झिजते. म्हणून घरी येऊन दुरुस्ती करण्याची हमी आपल्या गावाच्या पिनकोडला लागू आहे काय आणि अपघाती मोडतोडीचा त्यात समावेश आहे काय, हे लेखी पाहावे. अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातील किंवा जामखेडच्या टोकाच्या विद्यार्थ्याला सेवाकेंद्रासाठी पुण्या-नाशिकचे हेलपाटे घालावे लागले, तर परीक्षेच्या तोंडावर महिना वाया जातो.

एका सत्राला किती रुपये?

खरेदीचा अंतिम हिशेब छापील किमतीवर न करता सत्रावर करावा. उदाहरणादाखल, टू-इन-वनची किंमत करासह 70 हजार रुपये, लेखणी साडेतीन हजार, आवरण दीड हजार आणि वाढीव हमी सहा हजार धरली, तर एकूण 81 हजार रुपये होतात. चार वर्षांच्या पदवीची आठ सत्रे. म्हणजे प्रत्येक सत्राला 10 हजार 125 रुपये. साधा लॅपटॉप 45 हजारांचा आणि हमी चार हजारांची धरल्यास सत्राला 6 हजार 125 रुपये पडतात. दोहोंतील फरक सत्रागणिक चार हजार रुपयांचा आहे. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ही रक्कम काही लहान नाही. दुकानातील प्रत्यक्ष आकडे या उदाहरणात भरून हा हिशेब प्रत्येक घराला पाच मिनिटांत करता येईल.

आता एकच प्रश्न उरतो. लेखणी आणि उलटणारी स्क्रीन यांचे काम त्या चार हजार रुपयांच्या तोलाचे आहे काय? ज्याच्या ताळेबंदात दररोज समीकरणे, आकृत्या आणि समासातील टिपणे आहेत, त्याच्यासाठी उत्तर ‘होय’ असे येईल. ज्याला प्रामुख्याने टंकलेखन आणि हिशेब करावयाचे आहेत, त्याने साधा लॅपटॉप आणि एक डझन वह्या घ्याव्यात. त्याचे शिक्षण तसूभरही उणे होणार नाही.

महाविद्यालयांची जबाबदारी

ही पारख प्रत्येक कुटुंबाने एकट्याने करावी, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. महाविद्यालयांनी यात पुढाकार घेतला पाहिजे. ग्रंथालयासाठी दोन-तीन टू-इन-वन यंत्रे घेऊन ती निरनिराळ्या शाखांच्या विद्यार्थ्यांना पंधरा-पंधरा दिवस वापरावयास द्यावीत. त्यासोबत एक नोंदवही असावी. दिवसातून स्क्रीन किती वेळा उलटवली, लेखणीने किती पाने लिहिली, बॅटरी किती वाजता संपली, कोणते सॉफ्टवेअर चालले नाही, एवढ्या चारच नोंदी त्यात ठेवाव्यात. पहिल्या दिवशी वीस वेळा उलटलेली स्क्रीन पंधराव्या दिवशी एकदाही उलटली नाही, असे दिसल्यास ते नव्याची नवलाई होती असे समजावे. एका सत्रात जमलेल्या अशा नोंदी विद्यार्थ्यांसमोर ठेवल्या, तर त्यांना कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे मार्गदर्शन लाभेल. संस्थेसाठी मोठी खरेदी करावयाची झाल्यास मागणीपत्रात कोणते गुणविशेष हवेत, हेही याच नोंदींतून ठरविता येईल.

त्याचबरोबर अध्यापकांनी एक पथ्य पाळावे. ज्याच्याकडे असे यंत्र नाही, त्याला वर्गात मागे पडल्यासारखे वाटू नये. व्याख्यानाच्या टिपणांची पीडीएफ प्रत मोबाइलवरही उघडते. गृहपाठ कागदावर लिहून त्याचे छायाचित्र पाठविता येते. साधनांच्या श्रेणीवरून विद्यार्थ्यांच्या श्रेणी ठरू लागल्या, तर खेड्यापाड्यांत महाविद्यालये उभारण्यासाठी मागील पिढ्यांनी घेतलेल्या कष्टांचे मोल कमी होईल.

यंत्रावर लिहिणाऱ्यांनीही आपली टिपणे दर आठवड्याला पीडीएफ स्वरूपात वेगळ्या ठिकाणी साठवून ठेवावीत आणि टंकलेखन युनिकोडमध्येच करावे. यंत्र चार-पाच वर्षांत जुने होते. त्यातील विद्या मात्र जुनी होता कामा नये.

यंदा प्रवेशाच्या धामधुमीत जे विद्यार्थी आपल्या पालकांसह दुकानाची पायरी चढतील, त्यांनी सोबत आठवड्याभराच्या नोंदींची ती वही अवश्य न्यावी. विक्रेता यंत्राचे गुण सांगू लागला, म्हणजे ती वही उघडावी आणि आपल्या कामाच्या यादीतील एकेक काम त्या यंत्रावर करून पाहावे. यादीतील कामे यंत्राने पार पाडली, तर ते घ्यावे. न पाडली, तर निःसंकोचपणे नमस्कार करून परत यावे. घरच्यांनी घामाने मिळविलेला पैसा योग्य जागी खर्ची पडला, याचे समाधान मग पदवी हाती येईपर्यंत पुरेल.